कासीद, जासूद आणि मॅरेथॉन

दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की मराठ्यांच्या फौजा मुलूखगिरीस निघत, हे आपण सर्वांनी शाळेत वाचलेले असते. परंतु दसराच का, याचे उत्तर शौर्याच्या भाषेत शोधण्याचे कारण नाही. ते पायाखाली आहे. भाद्रपद सरेपर्यंत कोकणातली वाट ही वाट नसतेच. ती चिखल तरी असते, नाही तर ओढा. आश्विन लागतो, भात पिवळे पडते, कातळावरचे शेवाळ सुकते आणि माणसाचा पाय पुन्हा जमिनीला धरून राहतो. शरद ऋतूची महती कवींनी चांदण्यासाठी गाइली असेल, पण पायी चालणाऱ्याला आणि धावणाऱ्याला तो प्यारा होता तो या कोरड्या वाटेसाठी. ऊन मात्र या दिवसांत अंगाची काहिली करते, हेही सांगून ठेवले पाहिजे.

वसईचा मुलूख नजरेसमोर आणावा. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी आणि पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर. तीन बाजूंना पाणी आणि चौथीला झाडीने भरलेला चढ. फिरंग्यांनी १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून हा प्रांत घेतला आणि दोनशे वर्षे टिकवला, त्यात या भूगोलाचा वाटा मोठा आहे. चिमाजी अप्पांची मोहीम १७३७ साली सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला हाती आला. पावसाळा तोंडाशी येऊन ठेपला होता. आणखी काही आठवडे गेले असते तर वेढा चिखलात रुतला असता. तटाखाली सुरुंग उडाले, माणसे पडली, पुन्हा चढली. ती हकीकत अप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रात आली आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी ते पत्र शंभरदा चाळले आहे.

माझे कुतूहल निराळे आहे. स्वामींचे ठाणे साताऱ्याजवळ धावडशीस. वसईपासून ते अंतर तीनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. मध्ये खाड्या, जंगल आणि सह्याद्रीचा घाट. पत्र कोणी लिहिले, कोणास लिहिले, हे आपल्याला ठाऊक आहे. ते पोचवले कोणी?

पेशवाईच्या कागदांत या माणसांची गाठ पदोपदी पडते. सरकारी पत्रे नेणारा तो जासूद, सावकारांची व इतरांची पत्रे भाड्याने नेणारा तो कासीद. जासूद पुष्कळदा जोडीने पाठवीत. एकाला वाघाने गाठले वा तापाने धरले, तर दुसऱ्याने पत्र पुढे न्यावे. त्यांच्या मजुरीला अजुरा म्हणत, आणि किती दिवसांत पोचायचे याचा करार आधी ठरलेला असे. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती अशाच एका कासिदामुळे. पानिपताकडच्या सावकारांनी औरंगाबादच्या आपल्या पेढीवाल्यांना सांकेतिक भाषेत पत्र धाडले होते. ते वाटेत पेशव्यांच्या छावणीत हाती पडले. ग्रँट डफ लिहितो की, त्या कासिदाने नवव्या दिवशी औरंगाबादेस पोचण्याची हमी घेतली होती. पानिपत ते औरंगाबाद हे अंतर हजार किलोमीटरांहून कितीतरी अधिक. भागाकार वाचकांनीच करावा! त्या पत्रातील मोत्यांचा आणि मोहरांचा हिशेब महाराष्ट्राला पाठ आहे. आणणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही.

याबाबतीत ग्रीक लोक सुदैवी म्हणायचे. त्यांचा फिडिपिडीस नावानिशी अमर झाला. तरी त्याची प्रसिद्ध कथा तपासून घ्यावी अशीच आहे. इसवी सनापूर्वी ४९० च्या सुमारास, अशाच पावसाळ्यानंतरच्या नव्हे, पण उन्हाळा उतरणीच्या दिवसांत, मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सने इराणी सैन्याचा पराभव केला. हिरोडोटसने फिडिपिडीसचे नाव दिले आहे, पण ते विजयाची वार्ता नेण्यासाठी नव्हे. लढाईपूर्वी तो स्पार्टाकडे मदत मागण्यास धावला, सुमारे दोनशे चाळीस किलोमीटर डोंगराळ मुलखातून, आणि दुसऱ्या दिवशी पोचला. मॅरेथॉनहून अथेन्सला धावत जाऊन ‘जिंकलो’ म्हणत कोसळलेला दूत ही गोष्ट कित्येक शतकांनंतरच्या लेखकांची आहे. पण लोकांना मरणारा दूत आवडला. १८९६ साली अथेन्सला ऑलिम्पिक सामने पुन्हा सुरू झाले, तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताच्या सूचनेवरून या कथेची शर्यत झाली. ती जिंकली स्पिरिडन लुईस याने. हा गृहस्थ पाणी वाहून नेण्याचा धंदा करीत असे. मला ही गोष्ट त्या सगळ्या दंतकथेपेक्षा अधिक मोलाची वाटते.

आता पुण्याकडे वळू. १९१९ साली सर दोराबजी टाटा डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष झाले. तिथल्या मैदानी सामन्यांत त्यांनी जे पाहिले, ते पुढे एका पत्रात सांगितले आहे. धावायला आलेली बहुतेक मुले शेतकऱ्यांची होती. विलायती नियम त्यांना माहीत नव्हते, शिक्षण मिळाले नव्हते, खाणे बेताचे होते. तरीही सुमारे पंचवीस मैलांची लांब शर्यत ही पोरे कठीण खडीच्या रस्त्यावरून अनवाणी धावली, आणि त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या तोडीची निघाली. मुंबईचे गव्हर्नर लॉइड तेथे हजर होते. मग १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला माणसे धाडायचे ठरले. दोराबजींनी स्वतःचा पैसा घातला. चार धावपटू आणि दोन मल्ल गेले. त्यांपैकी मॅरेथॉनमध्ये उतरले बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार.

२२ ऑगस्ट १९२०. त्या दिवशीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते, म्हणजे आज सर्वत्र रूढ असलेल्या ४२.१९५ किलोमीटरांहूनही जास्त. हवा थंड, पाऊस पडत होता. बेळगावच्या पावसात वाढलेल्या माणसाला पावसाचे काय, असे कोणी म्हणेल. पण युरोपचा पाऊस वेगळा. फिनलंडचा कोलेमायनेन पहिला आला. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंदांत पोचले, क्रमांक एकोणिसावा. पदकांच्या यादीत एकोणिसाव्याला जागा नसते, म्हणून हे नाव आपल्या मुलांना ठाऊक नाही. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या पोरांना विचारून पाहावे.

वसईची हकीकत अर्धी राहिली. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली आणि २०११ पासून तिथे महापौर मॅरेथॉन भरू लागली. ज्या मुलखातून जासूद पत्रे घेऊन निघत, तिथल्या डांबरी रस्त्यांवर आता छातीवर क्रमांक लावून माणसे धावली, घराघरांतून लोक टाळ्या वाजवायला उभे राहिले. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वराचा घाट चढण्याची अर्ध मॅरेथॉन होते. धावडशीच्या त्या पत्राचा मुक्काम तिथून दूर नाही.

पण डांबरावर धावणे निराळे आणि डोंगरवाटेवर निराळे. तुंगारेश्वराच्या चढावर लाल मातीत सुटे दगड असतात, सागाची पाने पडून वाट झाकलेली असते आणि खाडीकडून येणारी दमट हवा घाम वाळू देत नाही. चढताना छाती भरते, पण खरी परीक्षा उतरताना गुडघ्यांची होते. इथे घड्याळातला वेग कामाचा नाही. पुढचे पाऊल कुठे पडणार एवढेच बघावे लागते. डोंगराच्या पलीकडे वज्रेश्वरी, जिला वसई फत्ते होण्यासाठी अप्पांनी नवस केला असे सांगतात. पायथ्याच्या पाड्यांवरच्या बायका डोक्यावर मोळी घेऊन हाच उतार अनवाणी उतरतात, आणि भारी बुटांतल्या पाहुण्याला बाजूला होऊन वाट देतात.

हे रान २००३ पासून अभयारण्य आहे. जाणाऱ्याने उन्हाआधी निघावे, आणि पाणी बरोबर न्यावे. कार्तिकापर्यंत ओढे वाहतात, पुढे त्यांचा भरवसा नाही.