समुपदेशक व्हायचे आहे? फी भरण्याआधी कायदा आणि पायऱ्या समजून घ्या

आपल्या विहारांतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससी, बँक आणि पोलीस भरतीचे तक्ते भिंतीवर लावलेले असतात. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात जायचे तर काय शिकावे लागते, याचा तक्ता मात्र कुठेच दिसत नाही. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला बीए झालेली मुले-मुली वारंवार विचारतात, "सर, मॅडम, समुपदेशक व्हायला कोणता कोर्स करू?" या प्रश्नाचे नीट उत्तर देण्यासाठी हा लेख आहे.

गरज किती मोठी आहे, हे आकडे सांगतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. विकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. आपल्या समाजासाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला, मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी गेले. त्यानंतर उच्च शिक्षणसंस्थांमधला जातीय भेदभाव आणि विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य यांचा एकत्र विचार करावा लागला. मदत मागायला गेलेल्या विद्यार्थ्याला समोरच्या खुर्चीतल्या माणसाला जात समजावून सांगण्यातच पहिले तीन तास घालवावे लागू नयेत, एवढीच आमची अपेक्षा आहे. त्यासाठी त्या खुर्चीत आपली शिकलेली माणसे बसली पाहिजेत.

'समुपदेशक' या शब्दाला परवाना आहे का?

अमेरिकेत जसा समुपदेशकाचा राज्यनिहाय परवाना असतो, तसा एकच परवाना आपल्याकडे नाही. आपल्याकडे तीन कायदे मिळून हे क्षेत्र बांधतात.

पहिला, भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम १९९२. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, या परिषदेच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव नोंदवतो. नोंदणी नसताना अशा व्यावसायिक म्हणून काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

दुसरा, मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७. तो मे २०१८ पासून लागू झाला. मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची व्याख्या त्यात आहे. यांपैकी शेवटच्या तिघांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे होते. जात, धर्म, लिंग, वर्ग अशा कोणत्याही कारणाने भेदभाव न होता मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. कार्यकर्त्यांनी हे कलम लक्षात ठेवावे.

तिसरा, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम २०२१. मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, वैद्यकीय समाजकार्यकर्ते आणि एचआयव्ही समुपदेशक हे सगळे या कायद्याने 'वर्तनविषयक आरोग्यशास्त्र' या गटात आणले. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. म्हणजे आजवर मोकळे असलेले समुपदेशनाचे क्षेत्रही नोंदणीच्या चौकटीत येणार आहे. आज घेतलेला कोर्स उद्या त्या चौकटीत बसेल का, हा विचार आत्ताच करायला हवा.

चार वाटा

*मानसोपचारतज्ज्ञ.* नीट परीक्षा, एमबीबीएस आणि त्यानंतर तीन वर्षांचे एमडी सायकियाट्री. या चार वाटांपैकी मानसिक आजारावर औषधे लिहून देण्याचा अधिकार याच वाटेने मिळतो.

*चिकित्सा मानसशास्त्रज्ञ.* आजवरची रूढ वाट अशी: मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी, त्यानंतर पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेत दोन वर्षांचा पूर्णवेळ एमफिल क्लिनिकल सायकॉलॉजी. एमफिलमध्ये रुग्णालयात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावे लागते. प्रवेशाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जातींना त्यात सवलत असते. जागा थोड्या आणि प्रवेश परीक्षा कठीण. निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था आणि आपल्याकडे पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही या क्षेत्रातली प्रमुख नावे आहेत.

इथे एक बदल लक्षात घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत एमफिल ही पदवीच बंद केली. या दोन विषयांच्या एमफिलला, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क यांना, २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत मिळाली. दरम्यान पुनर्वसन परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजीचे पदवीपासून डॉक्टरेटपर्यंतचे नवे अभ्यासक्रम आणले आहेत. म्हणून पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या ताईदादांचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. प्रवेशाच्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्य संस्थांची यादी स्वतः पाहा.

*सायकियाट्रिक सोशल वर्कर.* कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एमएसडब्ल्यू करता येते, म्हणून आपल्या मुलांसाठी ही वाट जास्त खुली आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, मुंबईचे निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, नागपूरचे तिरपुडे महाविद्यालय अशी समाजकार्याची जुनी केंद्रे राज्यात आहेत. मात्र २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येत बसायला नुसते एमएसडब्ल्यू पुरत नाही. त्यापुढे सायकियाट्रिक सोशल वर्कमधील दोन वर्षांचे पूर्णवेळ एमफिल लागते. मुदतीचा वर सांगितलेला मुद्दा इथेही लागू आहे.

*समुपदेशन मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक.* मानसशास्त्रात, शक्यतो समुपदेशन मानसशास्त्रात, एमए आणि सोबत देखरेखीखालचा सराव. अशा व्यक्ती शाळा, महाविद्यालये आणि संस्थांमध्ये काम करतात. त्यांनी नावापुढे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहू नये. गंभीर आजाराची लक्षणे दिसली तर रुग्णाला पुढे पाठवणे हे त्यांचे कर्तव्यच आहे.

दूरशिक्षणाचा प्रश्न

नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एमए करणारे आपल्यात अनेक आहेत. २०२१ च्या कायद्यात येणारे विषय, ज्यांत मानसशास्त्र आहे, ते जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत, असा निर्णय अनुदान आयोगाने घेतला. दर्जा राखण्यासाठी प्रत्यक्ष सराव हवा, हे आम्हाला मान्य आहे. पण दिवसा काम करून शिकणाऱ्या, लग्नानंतर पुन्हा पुस्तक हातात घेतलेल्या बाईसाठी ही शेवटची उघडी खिडकी होती. सरकारी महाविद्यालयांत जागा वाढवल्या नाहीत, तर हा व्यवसाय पैसेवाल्यांचाच राहील. चळवळीने ही मागणी हाती घ्यायला हवी.

सर्टिफिकेटच्या बाजारापासून सावध

'तीन महिन्यांत सर्टिफाइड काउन्सेलर', 'वीकएंडला थेरपिस्ट बना' अशा जाहिराती रोज मोबाईलवर येतात. अशा कोर्समधून ऐकून घेण्याची कौशल्ये शिकता येतील. पण त्याने कायद्यातली नोंदणी मिळत नाही. कर्ज काढून फी भरण्याआधी संस्थेला पाच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा:

- पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि ते अनुदान आयोगाने मान्य केलेले आहे का?
- हा अभ्यासक्रम पुनर्वसन परिषदेने मान्य केला आहे का, आणि कोणत्या वर्षापर्यंत?
- कोर्सनंतर कोणत्या नोंदवहीत आणि कोणत्या दर्जाने नाव लागेल?
- प्रत्यक्ष सराव किती तासांचा, कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या देखरेखीखाली?
- वर्ग प्रत्यक्ष भरतात की ऑनलाइन?

गोलमोल उत्तर आले तर तिथे फी भरू नका.

पैसा आणि कागदपत्रे

१९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना केंद्राच्या सवलतीही मिळतात. पण त्यासाठी कागद नीट लागतो. निम्हान्ससारख्या केंद्रीय संस्थेसाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. राज्यातल्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र वेळेत मिळवा. महाडीबीटीवरील भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती या योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहेत. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती पाहावी.

काम कुठे मिळते?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालये, एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रे, किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिक, कौटुंबिक न्यायालयांतील विवाह समुपदेशकांची पदे ही सरकारी दारे आहेत. यातली बरीच पदे कंत्राटी आहेत, हे आधीच जाणून घ्या. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे सांगितले आहे. आपल्या महाविद्यालयात तो नेमला आहे का, हे विद्यार्थी संघटनांनी विचारावे.

पदवी नसलेल्या कार्यकर्त्यांनी काय करावे?

विहारात येणारा प्रत्येक दुःखी माणूस रुग्ण नसतो. त्याचे शांतपणे ऐकणे, त्याची गोष्ट वस्तीत न फोडणे आणि गरज असेल तर त्याच्यासोबत सरकारी दवाखान्यात जाणे, हे कोणीही करू शकतो. मैत्री आणि करुणा आपल्याला धम्माने शिकवली आहे. पण आजाराचे नाव ठरवणे, चालू गोळ्या बंद करायला सांगणे, 'ध्यान कर, सगळे बरे होईल' म्हणून डॉक्टरपासून तोडणे, हे करू नये. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

वरचे पाच प्रश्न आणि हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून आपल्या अभ्यासिकेच्या भिंतीवर लावा. पोलीस भरतीच्या तक्त्याशेजारी जागा नक्की निघेल.

जय भीम!