सनदेची हद्द : हिशेबतपासनिसाच्या पात्रतेचे देशांतर

जमाखर्चाचे शास्त्र देशाची हद्द जाणत नाही. नावे आणि जमा ह्या दोन बाजू मुंबईच्या पेढीत जितक्या खऱ्या, तितक्याच त्या एडिंबरोच्या कचेरीतही खऱ्या असतात. ताळेबंद जुळतो किंवा जुळत नाही, तिसरा पक्ष संभवत नाही. असे असूनही एका देशात पारंगत ठरलेला हिशेबतपासनीस दुसऱ्या देशात गेला की पुष्कळदा त्याला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. त्याचे ज्ञान वाटेत कमी झालेले नसते. मग हद्द ओलांडताना त्याच्याजवळचे काय गळून पडते? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार भारत आणि ब्रिटन ह्यांच्या परस्परसंबंधाच्या आधारे करावयाचा आहे. कारण ह्या संबंधात पात्रतेच्या देशांतराचे एकतर्फी आणि दुतर्फी असे दोन्ही प्रकार क्रमाने पाहावयास मिळतात.

‘चार्टर्ड अकौंटंट’ ह्या संज्ञेस मराठीत ‘सनदी लेखापाल’ हा प्रतिशब्द रूढ आहे, आणि प्रश्नाचे मर्म ह्या शब्दातच आहे असे म्हणावयास हरकत नाही. सनद म्हणजे काय हे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास सांगण्याची आवश्यकता नाही. सनद देणाऱ्याची सत्ता जेथवर, तेथवरच तिचा अंमल. पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई इलाख्यात इनामांची चौकशी झाली व १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत असलेल्या इनामदारांनाही आपला हक्क नव्याने सिद्ध करावा लागला. जमीन तीच, वहिवाटही तीच. प्रश्न उभा राहिला तो सनद कोणाची, आणि ती देण्याचा त्याला अधिकार होता काय, एवढाच. व्यावसायिक पात्रतेचेही असेच आहे. ज्ञान माणसाबरोबर प्रवास करते. सही करण्याचा अधिकार मात्र देणाऱ्याच्या हद्दीत राहतो.

ह्या व्यवसायाची पहिली राजसनद स्कॉटलंडमध्ये दिली गेली. एडिंबरोच्या लेखापालांच्या संस्थेस ती १८५४ साली मिळाली. पाठोपाठ १८५५ साली ग्लासगोच्या व १८६७ साली ॲबर्डीनच्या संस्थेस मिळाली. इंग्लंड व वेल्सच्या संस्थेची सनद १८८० ची व आयर्लंडच्या संस्थेची १८८८ ची होय. ह्यांखेरीज १८८५ साली सोसायटी ऑफ इन्कॉर्पोरेटेड अकौंटंट्स ही संस्था सनदेवाचून, केवळ कंपनी कायद्याखाली, अस्तित्वात आली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. राजसनदेने संस्थेला प्रतिष्ठा आणि सभासदांना एक नाव दिले. हिशेब तपासण्याचा मक्ता दिला नाही. कंपन्यांचे हिशेब तपासून घेणे इंग्लंडात १९०० च्या कायद्याने सक्तीचे झाले, परंतु तपासणाऱ्याने कोणती परीक्षा दिलेली असावी हे कायद्याने सांगितले नाही.

ब्रिटिश भांडवल जेथे गेले तेथे त्याच्या मागोमाग हे सनदधारकही गेले. अमेरिकेतील रेल्वे व कारखाने, दक्षिण आफ्रिकेतील खाणी, बंगालमधील ताग व चहाच्या कंपन्या ह्यांचे भागधारक ब्रिटनमध्ये होते, आणि आपल्या पैशाचा हिशेब आपल्याच परिचयाच्या माणसाने तपासावा असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु ज्या भूमीवर हे लोक उतरले तेथील सत्ता स्वतंत्र असेल तर तिने आपली सनद निराळी काढली. न्यूयॉर्क राज्याने १८९६ साली कायदा करून ‘सर्टिफाइड पब्लिक अकौंटंट’ ही संज्ञा निर्माण केली व ती अमेरिकेचा नागरिक असलेल्यास, किंवा नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेल्यासच मिळेल असे ठरविले. भारतापाशी असा इलाज नव्हता. कारण येथे सनद देणारी सत्ता परकीयच होती.

१९१३ चा भारतीय कंपनी कायदा १ एप्रिल १९१४ पासून अंमलात आला. त्याच्या १४४ व्या कलमाने, खासगी कंपन्या सोडून इतर कंपन्यांच्या हिशेबतपासनिसास प्रांतिक सरकारचे प्रमाणपत्र असणे आवश्यक ठरले. म्हणजे प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये जी अट नव्हती ती भारतात आधी आली! परंतु ह्याच कलमात दुसरा एक दरवाजा ठेवलेला होता. सरकारने अधिसूचनेने एखाद्या संस्थेचे नाव जाहीर केले की त्या संस्थेच्या सभासदांना वेगळ्या प्रमाणपत्रावाचून ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र हिशेब तपासता येत. ह्या दरवाजाने ब्रिटिश संस्थांचे सभासद आत आले. लंडनमध्ये मिळविलेली पात्रता मुंबईच्या बंदरात उतरताना तिची कोठे झडती होत नव्हती.

एतद्देशीयांकरिता जी मर्यादित प्रमाणपत्रे निघत त्यांचे स्वरूप पाहिले म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. असे प्रमाणपत्र फक्त ते देणाऱ्या प्रांतापुरते चाले. इतकेच नव्हे, तर त्यात नमूद केलेल्या भाषेतील हिशेबांपुरतेच चाले. आपल्याकडील व्यापाऱ्यांच्या कीर्दी-खतावण्या मोडीत वा गुजरातीत असत, आणि त्या वाचण्याचे कौशल्य काही सामान्य नव्हे. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते कौशल्य म्हणजे एक मर्यादा ठरली. परदेशी सभासदाला साऱ्या देशाचे रान मोकळे, आणि देशी तपासनिसाला एक प्रांत व एक भाषा, अशी ही वाटणी होती.

ही कोंडी फोडण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न मुंबईत झाला. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज स्थापन होऊन वाणिज्याच्या उच्च शिक्षणाची सोय झाली होती. १९१८ साली मुंबईत सरकारी लेखाकर्म पदविका, म्हणजेच पुढे ‘जी. डी. ए.’ ह्या नावाने ओळखली गेलेली परीक्षा, सुरू झाली. ही परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त तपासनिसाच्या हाताखाली तीन वर्षांची उमेदवारी पुरी करणाऱ्यास अमर्यादित प्रमाणपत्र मिळू लागले व त्यावर देशभर काम करता येऊ लागले. परीक्षा आणि उमेदवारी ही जोडी उघडच ब्रिटिश संस्थांच्या धर्तीवर बेतलेली होती. मुंबईची ही पदविका म्हणजे भारतात दिलेली, भारतभर चालणारी पहिली पात्रता होय.

तथापि ही पदविका समुद्रापलीकडे जात नव्हती. इंग्लंडच्या सनदी संस्थेचे सभासदत्व हवे असल्यास तेथील सभासदाच्या हाताखाली पाच वर्षे, पदवीधर असल्यास तीन वर्षे, उमेदवारी करावी लागे. त्या उमेदवारीसाठी उलट शुल्क भरण्याचा तेथे प्रघात होता. शिवाय राहण्याचा खर्च आणि परीक्षा वेगळ्याच. मुंबईतील तीन वर्षांची उमेदवारी त्यात जमेस धरली जात नव्हती. हे सारे पेलण्याची ऐपत असलेलीच मुले तिकडे जात, हे सांगावयास नकोच. लंडनची सनद इकडे पूर्ण किमतीने वटे, मुंबईच्या पदविकेला तिकडे बट्टा लागे. ज्ञानाच्या तुलनेवरून हा बट्टा ठरलेला नव्हता. तो सत्तेच्या तराजूत ठरलेला होता.

१९३० साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन तपासनिसांसंबंधीचा अधिकार प्रांतांकडून मध्यवर्ती सरकारकडे गेला. १९३२ च्या नियमांनी लेखापालांची नोंदवही सुरू झाली. तीत नाव असलेल्यास ‘रजिस्टर्ड अकौंटंट’ म्हणू लागले. सल्ल्यासाठी भारतीय लेखाकर्म मंडळ नेमण्यात आले. प्रांताची व भाषेची कुंपणे अशा रीतीने बऱ्याच अंशी निघाली व देशी व्यवसायास एक अखिल भारतीय रूप आले. परंतु मंडळ सल्ल्यापुरते होते. निर्णय सरकारचा असे, आणि समुद्रापलीकडील संबंधांत पडलेले अंतर तसेच राहिले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली ह्या प्रश्नाच्या विचारासाठी तज्ज्ञांची समिती नेमली गेली व तिच्या शिफारशीनुसार १९४९ चा चार्टर्ड अकौंटंट्स अधिनियम झाला. तो १ जुलै १९४९ रोजी, म्हणजे संविधान अंमलात येण्यापूर्वीच, लागू झाला. त्याखाली स्थापन झालेल्या संस्थेचे पहिले अध्यक्ष मुंबईचे जी. पी. कापडिया हे होते. भारताने कोणत्याही राजाची सनद घेतली नाही, तरी नाव मात्र ‘चार्टर्ड’ हेच ठेवले. ह्यात अनुकरण पाहावयाचे की बरोबरीचा दावा, ह्याविषयी मतभेद होऊ शकेल. आमच्या मते दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक आहे; कारण त्याच अधिनियमात ह्या दाव्याला कायद्याचे बळ देणारे एक कलम आहे.

ते २९ वे कलम होय. त्याचे दोन भाग आहेत. एखादा देश भारतीयांना आपल्या समान संस्थेत प्रवेश नाकारीत असेल, व्यवसाय करू देत नसेल किंवा त्यांना अन्यायाने वेगळे वागवीत असेल, आणि केंद्र सरकारने त्या देशाचे नाव अधिसूचनेने जाहीर केले, तर त्या देशाच्या प्रजाजनाला भारतीय संस्थेचे सभासदत्व वा येथे व्यवसायाचा हक्क मिळणार नाही, असा पहिला भाग. ह्या मर्यादेत राहून परदेशी पात्रतांना कोणत्या अटींवर मान्यता द्यावी हे संस्थेच्या कौन्सिलने ठरवावे, असा दुसरा. १९१३ च्या कलमातील दरवाजा एकाच बाजूने उघडणारा होता; ह्या कलमाने त्याला दोन्ही बाजूंनी कडी बसविली. चौथ्या कलमात परदेशी परीक्षा व प्रशिक्षण ह्यांना जागा आहे, पण ते भारतीय परीक्षा व प्रशिक्षण ह्यांच्या तोडीचे आहे असे ठरल्यासच. मापदंड प्रथमच भारतीय झाला. पूर्वी मुंबईची पदविका लंडनशी ताडून पाहिली जाई. आता लंडनची सनद दिल्लीत ताडून पाहावयाची होती.

ह्याच चौथ्या कलमातील एक संक्रमणकालीन तरतूद इतिहासाच्या दृष्टीने बोलकी आहे. अधिनियम लागू होताना जे भारतीय परदेशी परीक्षेचा अभ्यास करीत होते व त्याच वेळी ‘भारतात वा भारताबाहेर’ प्रशिक्षण घेत होते, त्यांना पाच वर्षांची मुदत देण्यात आली. भारतात बसून परदेशी परीक्षेची वाट चालणारेही काही तरुण होते, हे ह्या शब्दयोजनेवरून दिसते. नव्या सत्तेने जुन्या वाटेवरच्या प्रवाशांना मध्येच थांबविले नाही. वाट मात्र मुदतीने बंद केली. इनाम कमिशनची आठवण ठेवणाऱ्याला ह्यातील सौम्यपणा जाणवल्यावाचून राहणार नाही.

ब्रिटनमध्येही ह्याच सुमारास पालट झाला. १९४८ च्या तेथील कंपनी कायद्याने, सूट दिलेल्या खासगी कंपन्या वगळता, तपासनिसाच्या पात्रतेची अट घातली. मान्य ब्रिटिश संस्थांच्या सभासदांखेरीज, देशाबाहेर मिळविलेल्या समान पात्रतेच्या व्यक्तींना परवानगी देण्याचा अधिकार बोर्ड ऑफ ट्रेडला दिला. इकडे फाळणीनंतर १९३२ च्या नियमांचा समान वारसाही दोन वाटांनी गेला. पाकिस्तानात १९६१ च्या वटहुकुमाने स्वतंत्र संस्था निघाली. काल एकाच नोंदवहीत असलेली नावे दोन सनदांखाली गेली.

जागतिक व्यापाराच्या नव्या घडीत ह्या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. १९९५ साली अंमलात आलेल्या सेवाव्यापाराच्या सर्वसाधारण कराराच्या सातव्या कलमात पात्रतांच्या मान्यतेचा विचार आहे, आणि १९९७ साली जागतिक व्यापार संघटनेने खास लेखाकर्मासाठी परस्परमान्यतेच्या करारांची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. ती बंधनकारक मात्र नव्हती. २००८ साली भारतीय संस्था आणि इंग्लंड व वेल्सची सनदी संस्था ह्यांच्यात सामंजस्य करार होऊन एका संस्थेच्या सभासदाला, पूर्वीचे शिक्षण जमेस धरून, दुसरीत जाण्याची वाट आखली गेली. १९१८ च्या मुंबईच्या पदविकेपासून मोजले तर दुतर्फी वाटेला नव्वद वर्षे लागली.

तरीही सनदेची हद्द पुसली गेली असे म्हणता येणार नाही. सभासदत्व आणि कंपनीच्या हिशेबावर सही करण्याचा अधिकार ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. भारतात १९५६ च्या कंपनी कायद्याच्या २२६ व्या कलमाने आणि आता २०१३ च्या कायद्याच्या १४१ व्या कलमाने तपासनिसाची पात्रता १९४९ च्या अधिनियमाशी बांधलेली आहे. ह्याला केवळ व्यवसायाचा स्वार्थ म्हणून उडवून लावणे योग्य होणार नाही. तपासनिसाच्या सहीवर विसंबून अनोळखी माणसे आपली पुंजी गुंतवितात. सही खोटी ठरल्यास ती करणारा येथील न्यायालयाच्या व शिस्तपालन समितीच्या आवाक्यात असला पाहिजे. त्याला येथील करांचा आणि कंपनी कायद्याचा परिचय असला पाहिजे. जमाखर्च सर्वत्र एक असला तरी जबाबदारी एकेका कायद्याखालीच वसूल होते.

ह्या इतिहासावरून निष्कर्ष काढावयाचा तो हा, की परक्या देशाने आपली पात्रता पुन्हा तपासून पाहावी ह्यात अपमान नाही. अन्याय होतो तो तपासणी एकाच बाजूने होते तेव्हा. १९१८ ते १९४९ ह्या काळात मुंबईच्या पदविकाधारकाला सोसावी लागली ती ही एकतर्फी तपासणी. सनदेला हद्द राहीलच. दोन्ही बाजूंच्या चौक्यांवर वजनमाप एकच असावे, एवढाच ह्या व्यवसायातील पूर्वसूरींचा आग्रह होता, आणि आजच्या करारांची पारखही ह्याच कसोटीवर करावयास हवी.