बॅटल मॅप म्हणजे काय? ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमचं रणांगण असं तयार होतं

चार मित्र, चार शहरांत, चार स्क्रीनसमोर. स्क्रीनवर एक लाकडी पूल आणि पुलाच्या मधोमध उभा असलेला एक ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस. पूल दोन चौकोन रुंद आहे आणि ओगरही दोन चौकोन व्यापतो. त्यामुळे बाजूनं निसटायची सोय नाही. एक तर लढायचं, नाही तर मागे फिरायचं. पूल तीन चौकोन रुंद असता, तर ओगरच्या सोट्याचा मार चुकवत एकेकाला पलीकडे जाता आलं असतं.

म्हणजे लढाईचा अर्धा निकाल पूल काढतानाच लागला होता. बॅटल मॅप दिसतो चित्रासारखा, पण त्यातली प्रत्येक रेघ खेळाचा नियम असते.

बॅटल मॅपची गरज का पडली?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये अमेरिकेत आणला. त्याची मुळं टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांमध्ये आहेत. गोष्ट सांगणारा आणि नियम सांभाळणारा तो डंजन मास्टर. बाकीचे एकेक पात्र होतात आणि फासे टाकून डाव पुढे नेतात.

रोल20 (2012) आणि फाउंड्री (2020) यांसारख्या सॉफ्टवेअरमुळे हे टेबल स्क्रीनवर आलं. सैनिकांच्या जागी 'टोकन' आली आणि कागदी नकाशाच्या जागी डिजिटल नकाशा.

चौकोनाचं गणित काय आहे?

या खेळात एक चौकोन म्हणजे 5 फूट. साधारण माणसाचं पात्र एका पाळीत 30 फूट, म्हणजे 6 चौकोन चालतं. 30 × 20 चौकोनांचा नकाशा म्हणजे 150 × 100 फुटांची जागा. चार-पाच खेळाडूंच्या एका लढाईला तेवढी पुरते.

आता पिक्सेल. रोल20 मध्ये एक चौकोन मुळात 70 पिक्सेलचा धरला जातो, फाउंड्रीमध्ये 100 चा. म्हणजे हाच नकाशा रोल20 साठी किमान 2100 × 1400 आणि फाउंड्रीसाठी 3000 × 2000 पिक्सेलचा हवा. झूम केल्यावरही स्पष्ट दिसायला हवा असेल तर दुप्पट.

इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. चित्रातला चौकोन 68 पिक्सेलचा आणि सेटिंगमधला 70 चा असेल, तर सुरुवातीला काही कळत नाही. तिसाव्या चौकोनापर्यंत मात्र फरक 60 पिक्सेलचा होतो आणि भिंतीबाहेरचं टोकन भिंतीवर चढलेलं दिसतं. मग 'मी आडोशाला होतो की नव्हतो' यावर वाद सुरू. वाद क्षुल्लक नसतो, कारण अर्ध्या आडोशामुळे बचावात 2 गुणांची भर पडते आणि पाऊण आडोशामुळे 5 ची. पात्र जगणार की मरणार हे तेवढ्यावर ठरू शकतं.

नकाशा कशात काढतात?

डंजन स्क्रॉल थेट ब्राउझरमध्ये चालतं. साधी भुयारं आणि खोल्या त्यात काही मिनिटांत होतात. इंकार्नेटही ब्राउझरमध्येच चालतं आणि त्यात रंगीत, सजवलेले नकाशे बनतात. डंजनड्राफ्ट एकदाच विकत घ्यावं लागतं. ते चित्रासोबत भिंती, दारं आणि दिव्यांची माहितीही फाइलमध्ये देतं. हातानं रंगवायची आवड असेल तर क्रिटा आणि गिंप मोफत आहेत.

भिंती आणि अंधार कसा चालतो?

चित्रातली भिंत सॉफ्टवेअरला कळत नाही. त्यासाठी तिच्यावर वेगळी, खेळाडूंना न दिसणारी रेघ ओढावी लागते. ती पात्राची वाट अडवते आणि नजरही. मशालीचा लख्ख उजेड 20 फूट, त्यापुढे 20 फूट मंद. एक रेघ राहून गेली, तर पुढच्या खोलीतला शत्रू आधीच दिसतो आणि डंजन मास्टरनं जपलेलं गुपित फुटतं.

नवख्यांनी काय लक्षात ठेवावं?

- आधी कागदावर आराखडा काढा. आत यायच्या-जायच्या वाटा किती, आडोसा कुठे, हे ठरल्यावरच सजावट.
- रिकामं मैदान टाळा. दगड, उंचवटा, चिखल असेल तर खेळाडू विचार करून चाल करतात. चिखलासारख्या अवघड जागेत चालायला दुप्पट अंतर खर्च होतं.
- एका चौकोनाची बोळ मुद्दाम ठेवायची असेल तरच ठेवा. मोठ्या प्राण्याला तिथं अंग चोरून जावं लागतं आणि त्याचे वार कमकुवत होतात.
- फाइल जड नको. पीएनजीऐवजी वेबपी वापरलं तर मंद इंटरनेटवरही नकाशा लवकर उघडतो.
- झाडं, टेबलं, पिंपं यांची तयार चित्रं वापरताना परवाना वाचा. मित्रांसोबत खेळायला चालणारं चित्र विकायच्या नकाशात चालेलच असं नाही.

प्रत्येक लढाईला नकाशा हवाच असंही नाही. दोन चोरांशी गल्लीतली झटापट नुसत्या वर्णनावरही रंगते. पण कोण कुठे उभा आहे यावर जीव अवलंबून असेल, तेव्हा साध्या रेघांचा पण मोजमापात अचूक नकाशा देखण्या पण चुकीच्या नकाशापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.