शहाण्या हान्सची चौकशी

मुक्या जनावराला मन असते काय, हा प्रश्न ज्याने घरी कुत्रा पाळला आहे त्याला पडत नाही. आणि ज्याने पाळलेला नाही, त्याला त्याचे उत्तर सापडत नाही. या दोहोंमधील अवघड जागी शास्त्रज्ञाला उभे राहावे लागते. ती जागा किती अवघड आहे, हे बर्लिनमधील एका घोड्याच्या कथेवरून आम्हांस उत्तम प्रकारे कळते.

विल्हेल्म फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक. उत्तर बर्लिनमधील एका फरसबंद अंगणात सुमारे चार वर्षे त्यांनी हान्स नावाच्या घोड्याला शाळेतील मुलासारखे शिकविले. हान्स पुढचा खूर आपटून बेरजा करी, अपूर्णांक सोडवी, तारखा सांगे. हा खेळ दाखविण्याबद्दल फॉन ओस्टेन काहीही मोबदला घेत नसत, त्यामुळे लबाडीचा आरोप टिकेना. अखेर १९०४ च्या सप्टेंबरात मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने एक समिती बसली. तीत प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते, पशुवैद्य होते, सर्कशीचे चालकही होते. हेतुपुरस्सर खाणाखुणा केल्या जात नाहीत, असा निर्वाळा तिने दिला. चौकशीचे कागद ज्यांच्या हाताखालून जातात त्या आमच्या वाचकांस ठाऊक आहेच की, असा निर्वाळा मिळाला म्हणजे प्रकरण बहुधा दप्तरदाखल होते. श्टुम्फ यांनी ते होऊ दिले नाही. पुढील तपास त्यांनी ऑस्कार फुंग्स्ट या तरुण संशोधकाकडे सोपविला.

फुंग्स्ट यांची रीत साधी होती. अंकांचे पत्ते प्रश्नकर्त्याने स्वतः पाहिले असता हान्सची शेकडा ९८ उत्तरे बरोबर येत. न पाहता घोड्यापुढे धरले असता केवळ ८. डोळ्यांना झापडे लावली की घोडा गोंधळे, प्रश्नकर्त्याला पाहण्यासाठी धडपडे, चिडून चावेही घेई. योग्य आकडा येताच प्रश्नकर्त्याचे डोके नकळत किंचित वर होई आणि तेवढ्या खुणेवर हान्स थांबे. ही हालचाल इतकी सूक्ष्म होती की, तिचे मर्म कळल्यावरही ती पुरती आवरणे फुंग्स्ट यांना साधले नाही!

या तपासाचा वृत्तांत १९०७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. घोड्याला गणित येत नाही, एवढेच जगाने त्यातून घेतले. वस्तुतः फुंग्स्ट यांनी दुसरेही काही दाखविले होते: माणसाला स्वतःलाही न उमगणारी देहाची भाषा तो प्राणी वाचीत होता. वृद्ध शिक्षकाला मात्र हे समाधान लाभले नाही. त्यांचा आपल्या शिकवणीवरील विश्वास ढळला नाही, आणि १९०९ साली ते खिन्न मनानेच निवर्तले. त्यांचे प्रेम खोटे नव्हते. त्या प्रेमाला स्वतःची परीक्षा घेता आली नाही, इतकेच.

पुढे संशयाचाही अतिरेक झाला. प्राण्याच्या मनाचा उल्लेख करणे हेच अनेक विद्वानांना अशास्त्रीय वाटू लागले. १९६० साली जेन गुडॉल टांगानिकातील गोंबे येथील अरण्यात गेल्या आणि तेथील चिंपांझींना त्यांनी नावे दिली. नावांऐवजी क्रमांक द्यावयास हवे होते, असे केंब्रिजमध्ये त्यांना ऐकावे लागले. परंतु डेव्हिड ग्रेबिअर्ड या चिंपांझीने त्यांचे सान्निध्य सोसले, म्हणूनच गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढताना तो त्यांना दिसला. उपकरणे वापरणे आणि घडविणे ही केवळ मानवाची मिरास होय, हा समज त्यानंतर टिकला नाही.

फुंग्स्ट यांचा संशय आणि गुडॉल यांचा जिव्हाळा हे परस्परांचे वैरी आहेत, असे आम्हांस वाटत नाही. ज्याच्याविषयी शंका घ्यावयाची, त्याच्याजवळ फुंग्स्ट दिवसचे दिवस उभे राहिले. ज्यांच्यावर लोभ जडला, त्यांच्या वर्तनाची गुडॉल यांनी वर्षानुवर्षे काटेकोर टिपणे ठेवली. दुरून घेतलेली शंका आणि परीक्षेला न उतरलेले प्रेम, या दोहोंनाही समोरचा प्राणी दिसत नाही.