मोजायचं नाही, असं ठरलं होतं

मागच्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला. ती हाताने केलेले कानातले ऑनलाइन विकते, परदेशातही पाठवते. एरवी फोनवर आधी माझ्या वाढत्या वजनाची चौकशी होते आणि मग कामाचं बोलणं. या वेळी थेटच, "दादा, तू कॉम्प्युटरवाला ना? मग हे बघ जरा. बावीस दिवस झाले, 'परदेशी रवाना' एवढंच दाखवतंय. पुढे काही हलतच नाही."

तिकडून गिऱ्हाईक बाई एक दिवसाआड मेल पाठवत होत्या. ज्या वेबसाइटवरून ही विकते तिचा नियम सरळ होता: 'बटवडा झाला' अशी नोंद दाखवा, नाहीतर पैसे परत. नोंद दाखवता आली नाही. पैसे गेले, कानातलेही गेले, वर टपालहशील गेलं ते वेगळंच. (दोन्ही देशांची आणि वेबसाइटचं नाव मुद्दामच देत नाही. राग काढायला हा लेख नाही.)

मला आधी वाटलं, सॉफ्टवेअरची भानगड असणार. कुठेतरी सर्व्हर बंद पडला असेल, रांगेत मेसेज अडकले असतील. आपला धंदाच तो, त्यामुळे शंका आधी तिकडेच जाते. म्हणून शनिवार-रविवार वाचत बसलो. आणि वाचता वाचता जाऊन पोचलो थेट १८७४ सालात.

त्याच्या आधी परदेशी पत्र पाठवणं म्हणजे त्रांगडं होतं. मुंबईहून लंडनला पत्र पाठवायचं तर ब्रिंडिसीमार्गे दर वेगळा, साउदॅम्प्टनमार्गे वेगळा. वाटेत जितके देश, तितक्यांचा वाटा. प्रत्येक दोन देशांमध्ये स्वतंत्र करार, आणि त्या करारांप्रमाणे पत्रागणिक कुणाचे किती याचा हिशेब लिहीत बसलेले कारकून. जर्मन टपालखात्यातल्या हाइनरिश फॉन श्टेफान या गृहस्थांनी १८६८ मध्येच यावर तोडगा मांडला होता. मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध झालं, काम लांबलं. अखेर ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात २२ देशांनी करारावर सह्या केल्या. आज जिला जागतिक टपाल संघ म्हणतात तिची ही सुरुवात. हिंदुस्थान १ जुलै १८७६ ला त्यात सामील झाला.

करारातली मुख्य गोष्ट अशी: सगळे सभासद देश मिळून टपालापुरता एकच मुलुख समजायचा, दर साधारण एकच (१५ ग्रॅमच्या पत्राला २५ सांतीम), आणि ज्या देशाने तिकीट विकलं त्यानेच ते सगळे पैसे ठेवायचे. पत्र वाटणाऱ्या देशाला काही द्यायचं नाही. का? तर पत्राला उत्तर येतंच! तुमचं एक मी वाटलं, माझं एक तुम्ही वाटलं, फिटंफाट. एका फटक्यात हजारो कारकुनांचं आकडेमोडीचं काम वाचलं. प्रोग्रॅमर मंडळींच्या भाषेत सांगायचं तर ओ ऑफ एनचं काम ओ ऑफ वनवर आणलं. मला तर हा माणूस फारच आवडला.

पण यातली मेख बघा. हिशेब नाही म्हणजे मोजणी नाही. मोजणी नाही म्हणजे नोंदही नाही. साधं पत्र आपल्याकडे आलं की नाही हे दोन्ही देशांपैकी कुणालाच माहीत असण्याचं कारण उरलं नाही. ही काही चूक नव्हे. तो तर सगळ्या योजनेचा पायाच होता.

अपवाद रजिस्टर पत्रांचा. त्यांचे नंबर यादीत लिहिले जायचे, यादी थैलीबरोबर जायची. परदेशी टपालाची देवाणघेवाण करणारं एक खास ऑफिस असतं (मुंबईचं बॅलार्ड इस्टेटला आहे). तिथे थैली फोडून यादीशी ताळा करायचा. काही कमीजास्त निघालं तर पाठवणाऱ्या देशाला तसं कळवायचं. आणि नाही कळवलं तर? तर उलट काही सिद्ध होईपर्यंत सगळं नीट मिळालं असं धरायचं!

हे वाक्य मी दोनदा वाचलं. म्हणजे या व्यवस्थेत गप्प बसणं याचा अर्थ 'सगळं ठीक आहे'. आपण नाही का, लॉगमध्ये फक्त एरर लिही, बाकी काही लिहू नकोस असं सांगतो? तेच. आता बहिणीच्या जागी बसून बघा. तिच्या स्क्रीनवर बावीस दिवस काही लिहिलेलं नाही, म्हणजे तिच्या हिशेबी हरवलं. टपालाच्या हिशेबी, कुणी तक्रार केलेली नाही, म्हणजे पोचलं.

ती यादी कुणासाठी होती हेही महत्त्वाचं. गिऱ्हाइकासाठी नव्हे. माल हरवला तर भरपाई दोघांपैकी कोणत्या खात्याने द्यायची हे ठरवण्यासाठी. शेवटची सही ज्याची, त्याच्या गळ्यात. आज आपण जे पार्सलचं ट्रॅकिंग म्हणून बघतो ते बहुतांशी याच वहीचं पुढचं रूप आहे, फक्त आपल्याला खिडकीतून डोकवायला मिळतं.

आता नंबराबद्दल. आंतरराष्ट्रीय टपालाचा नंबर १३ खुणांचा: दोन अक्षरं, आठ आकडे, एक तपासणीचा आकडा, शेवटी देशाची दोन अक्षरं. तपासणीचा आकडा काढायची रीत मजेदार आहे. १२३४५६७८ घ्या. त्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणून बेरीज करा: २०४. ११ ने भागा, बाकी ६. ११ मधून ६ वजा, उत्तर ५. (१० आलं तर ० लिहायचा, ११ आलं तर ५.) म्हणजे आर आर १२३४५६७८५ आय एन हा नंबर नियमाने अगदी बरोबर. पण यातून कळतं ते एवढंच, की नंबर टाइप करताना चुकला नाही. त्यामागे कुणी काही नोंदवणार आहे की नाही, ते सांगतं पहिलं अक्षर. आर म्हणजे रजिस्टर, सी म्हणजे पार्सल, ई म्हणजे स्पीड पोस्टच्या जातीची जलद सेवा, व्ही म्हणजे विमा उतरवलेलं.

आणि यू? बहिणीचा नंबर यू ने सुरू होत होता. यू म्हणजे साधंच टपाल, फक्त आत वस्तू असल्यामुळे कस्टमचा कागद लागतो, म्हणून नंबर दिलेला. पलीकडच्या देशाने तो स्कॅन करण्याचं काही बंधन नाही. दिसायला मात्र हुबेहूब तसाच, तेरा खुणांचा! तिने विश्वास ठेवला, गिऱ्हाइकाने ठेवला, वेबसाइटच्या प्रोग्रॅमनेही ठेवला. काउंटरवर स्वस्त म्हणून जे मिळालं ते तिने घेतलं होतं. कुणी समजावून सांगितलं नाही, हेही खरं.

'परदेशी रवाना' ही नोंदसुद्धा फसवी. पाकिटं थैलीत भरतात, थैलीला स्वतःचा २९ खुणांचा नंबर असतो, त्यात कुठून, कुठे, कितवी रवानगी, वजन किती, सगळं गुंफलेलं. थैली बंद करून देवाणघेवाणीच्या ऑफिसातून बाहेर पडली की आतल्या सगळ्या पाकिटांपुढे 'रवाना' उमटतं. विमान उडालं असा त्याचा अर्थ नाही. थैली विमानतळावर जागा मिळायची वाट बघत पडलेली असू शकते. विमान कंपनी आणि टपालखातं यांच्यातले निरोप वेगळे असतात, आणि ते थैलीबद्दल असतात, पाकिटाबद्दल नव्हे. यानंतरची नोंद थेट समोरच्या देशाच्या ऑफिसात, तीही तिथल्या माणसाने हात चालवला तर. लोकांची झोप उडते ती नेमकी या दोन नोंदींच्या मधल्या पोकळीत.

कुरियरवाल्यांचं का जमतं मग? फेडएक्सने १९७९ मध्ये आपली मध्यवर्ती संगणक यंत्रणा सुरू केली, १९८६ मध्ये कामगारांच्या हातात स्कॅनर दिले. (योगायोग असा, की आपलं स्पीड पोस्टही १ ऑगस्ट १९८६ चं.) त्यांच्याकडे पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत मालक एक. टपालात मालक किमान दोन. बहिणीने पैसे दिले पहिल्याला, पाकीट वाटणार दुसरा, आणि त्या दुसऱ्याचं हिच्याशी काही नातंच नाही.

त्या दुसऱ्याला काय मिळतं? १८७४ चं फिटंफाट जवळजवळ शंभर वर्षं टिकलं. पण काही देशांत येणारं टपाल जाणाऱ्यापेक्षा खूपच जास्त, त्यामुळे कुरबुर वाढली आणि १९६९ च्या टोकियो अधिवेशनात ठरलं की जास्तीच्या टपालाबद्दल वाटणाऱ्याला पैसे द्यायचे. १९७१ पासून ते लागू झालं. कशावर? वजनावर. थैली तोलली की काम झालं, आतली पाकिटं इथेही मोजायची गरज नव्हती. पुढे दरांत नगाचाही हिशेब आला, पण प्रत्येक साध्या पाकिटाची नोंद ठेवणं वेगळं. एका स्कॅनला एका माणसाचे काही सेकंद लागतात, आणि ते सेकंद कुणीतरी पगार देऊन विकत घेतलेले असतात.

त्यात ऑनलाइन बाजार आला. दोन किलोपर्यंतचं छोटं पाकीट टपालाच्या कायद्याने पार्सल नव्हेच, ते 'पत्र'! म्हणजे मोबाइलची कव्हरं, कानातले, केबली, सगळं पत्राच्या दरात. फक्त या पत्रांना उत्तर येत नाही. चीनमधून अमेरिकेत अशा पाकिटांचा पूर लोटला. श्टेफानसाहेबांचं गृहीतकच कोसळलं. १७ ऑक्टोबर २०१८ ला अमेरिकेने संघ सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात खास अधिवेशन भरलं, तोडगा निघाला, आणि जुलै २०२० पासून अमेरिका येणाऱ्या पाकिटांचे दर स्वतः ठरवू लागली.

गंमत अशी, की मोजणी आता आलीच, पण दुसऱ्याच दारातून. अमेरिकेचा २०१८ चा कायदा, युरोपीय संघाचा १५ मार्च २०२१ पासूनचा नियम, यांमुळे आत काय आहे, किंमत किती, कुणाला चाललंय ही माहिती पाकिटाच्या आधी समोरच्या कस्टमला पोचवावी लागते. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतची जकातमाफी काढून घेतली, तेव्हा भारतीय टपालाने २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक बुकिंगं थांबवली. जकात आधीच भरायची सोय झाल्यावर १५ ऑक्टोबरला ती पुन्हा सुरू झाली. प्रत्येक नगाची कुंडली यंत्रात असते. ती कस्टमला दिसते, बहिणीला नाही.

असो. मी तिला हे सगळं सांगायला गेलो. ती म्हणाली, "अरे पण माझे पैसे?" मी म्हटलं, रजिस्टर असतं तर सहा महिन्यांच्या आत चौकशीचा अर्ज करता आला असता, हरवल्याचं ठरलं असतं तर तीस एसडीआर (नाणेनिधीचं हिशेबाचं चलन) पर्यंत भरपाई मिळाली असती. यू ला काही नाही. पुढच्या वेळेपासून आर घे, नाहीतर किंमत थोडी वाढवून ई घे. ती म्हणाली, दीडशे रुपयांच्या कानातल्यांवर त्याहून जास्त हशील कोण देईल? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी गिऱ्हाईक बाईंचा मेल आला. पाकीट मिळालं, कानातले घातलेला फोटोही सोबत. पैसे परत पाठवायला त्या तयार होत्या, पण वेबसाइटवर तो व्यवहार बंद झालेला. मग त्यांनी तेच कानातले पुन्हा ऑर्डर केले आणि 'या वेळी पाठवू नका' असं लिहिलं.

मी काल सहज तो नंबर टाकून बघितला. अजून 'परदेशी रवाना'च आहे.