मधली तेरा वर्षं

पुण्याहून पिरंगुटला आलं की डावीकडे एक रस्ता वळतो. उरवडे मागे टाकून घाट उतरलं की मुठा. नदीचं नाव तेच, गावाचं नाव तेच. या गावातल्या शाळेच्या दारावर एक पाटी होती, ‘जिल्हा परिषद, पुणे’. मी वाचायला शिकलो तो त्या पाटीवर. ‘ल्ह’ हे जोडाक्षर मला काही केल्या सुटत नसे. एकदा गुरुजींना विचारलं, ‘‘जिल्हा परिषद म्हणजे कोण?’’ गुरुजी हसून म्हणाले, ‘‘माझा पगार देतात ते.’’

उत्तर खोटं नव्हतं. पण पगार देणारे ते कोण, त्यांना तिथे कोणी बसवलं, आणि बसवणाऱ्यांत आमच्या घरातलं कोणी होतं का, हे कळायला बरीच वर्षं गेली. आज त्याच शोधाविषयी बोलायचं आहे. विषय ऐकायला रुक्ष वाटेल. कवी माणसाने निवडणुकांच्या सनावळ्या कशाला सांगाव्यात, असंही कोणी म्हणेल. पण या सनावळीत माझ्या घरच्या तीन पिढ्या उभ्या आहेत, म्हणून सांगतो.

आमचं घर मुलाण्याचं. गावगाड्यात मुलाण्याला बलुतं होतं, मान होता, जमीन मात्र नावापुरती. माझे आजोबा म्हणायचे, ‘‘ज्याचा सारा मोठा, त्याचं तोंड मोठं.’’ हे मला म्हातारपणचं रडगाणं वाटायचं. पुढे वाचन झालं तेव्हा कळलं, की इंग्रजी अमदानीत कायदाच तसा होता.

मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंडा’चा घेतला जाई. रस्ते, शाळा, विहिरी यांच्यासाठी. पैसा कुणब्याचा, खर्च करणारे साहेब. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी हेच गाऱ्हाणं मांडलं होतं, की कर भरतो शेतकरी आणि शिक्षणाचा लाभ होतो वरच्यांना. त्याच वर्षी १८ मे रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव निघाला आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली. काही सभासद नेमलेले, काही निवडलेले. निवडणार कोण, तर ज्याच्यापाशी जमीन, मालमत्ता किंवा तसाच काही अधिकार आहे तो.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपण समजतो, की निवडून दिलेलं जिल्हा मंडळ ही इंग्लंडची पुरातन चीज आणि ती आपल्याला तिथून तयार मिळाली. पण रिपन यांचा ठराव झाला तेव्हा खुद्द इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत परगण्याचा कारभार नेमलेले मॅजिस्ट्रेट पाहत होते. निवडलेल्या कौंटी कौन्सिलांचा कायदा तिथे १८८८ चा, आणि त्याखालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलांचा १८९४ चा. आज तिथे असलेल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलांची पहिली निवडणूक तर १९७३ सालची, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदांहून अकरा वर्षांनी धाकटी. तेव्हा या बाबतीत साहेब फार पुढे आणि आपण फार मागे, असं मानायचं कारण नाही.

पण आजोबांना या गमतीचा उपयोग नव्हता. १९०९ च्या सुधारणांनी कायदे कौन्सिलांसाठी मुसलमानांचे वेगळे मतदारसंघ केले. त्यावर केवढं राजकारण झालं, केवढं रक्त सांडलं! पण ते वेगळं मतसुद्धा जमीनदाराचं, करदात्याचं, पदवीधराचं होतं. मुठ्याचा मुलाणी त्यात कुठेच बसत नव्हता. धर्माच्या नावाने मिळालेलं मत त्याच्या दारापर्यंत पोचलं नाही. त्याला मत मिळालं ते प्रजासत्ताकात, आणि ते मराठा, महार, मुलाणी, धनगर अशा सगळ्यांना एकाच यादीत.

मत नसलेल्या माणसाचं काय होतं, हे आमच्या शेजारच्या खोऱ्याने पाहिलं आहे. मुळा नदीवर टाटांच्या वीज कंपनीचं धरण होणार होतं. मावळ्यांच्या वडिलोपार्जित भातजमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखी माणसं आत गेली, बायका धरणाच्या कामावर जाऊन बसल्या. १९२४ पर्यंत लढा चालला आणि शेवटी धरण झालं. मला राहून राहून वाटतं, त्या खोऱ्यातल्या प्रत्येक माणसाला तेव्हा मत असतं, तर धरण कदाचित झालंही असतं, पण त्याला विचारल्यावाचून झालं नसतं.

विचारण्याची सोय झाली ती १९६२ साली. बळवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये पंचायत राज्याची कल्पना मांडली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मेहता समितीचा भर तालुका पातळीवर होता. नाईक समितीने जिल्हा हाच मुख्य घटक धरला. शिवाय कलेक्टरला या मंडळाबाहेर ठेवलं, आणि आमदार-खासदारांनाही. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. कलेक्टर बसला की सगळे त्याच्याकडे पाहतात. आमदार बसला की बाकीच्यांचं तोंड बंद. १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, गावचे रस्ते, लहान पाटबंधारे, शेती, जनावरांचे दवाखाने असा सगळा संसार त्यांच्याकडे आला. लोक त्यांना ‘मिनी मंत्रालय’ म्हणू लागले, ते उगाच नाही.

त्या वर्षी माझ्या वडिलांनी जिल्हा परिषदेला मत दिलं. त्यांच्या बोलण्यात ते नेहमी यायचं. दिल्लीचं मत त्यांनी आधीही दिलं होतं; पण ‘‘हा आपल्या शाळेचा माणूस,’’ असं ते सांगायचे. उमेदवाराची सात पिढ्यांची माहिती गावाला असायची. त्याची गुरं कुठे चरतात इथपर्यंत.

मग १९६७ ची निवडणूक झाली, १९७२ ची झाली. पुढची झाली १९७९ साली. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. घाटातून कर्णा लावलेली जीप उतरली की आम्ही पोरं तिच्या मागे बिल्ल्यांसाठी धावायचो. पक्ष कोणता याच्याशी देणंघेणं नव्हतं. माझ्या सदऱ्यावर एकमेकांविरुद्धच्या दोन उमेदवारांचे बिल्ले शेजारीशेजारी नांदत होते.

त्याच १९७९ च्या निवडणुकीत सांगली जिल्ह्यात आर. आर. पाटील नावाचा एक गरीब घरचा तरुण जिल्हा परिषदेवर निवडून आला. तोच पुढे आमदार, ग्रामविकासमंत्री, उपमुख्यमंत्री झाला. शिडीची पहिली पायरी जमिनीला टेकलेली असली, तर साधा माणूसही वर चढतो, याचं हे उदाहरण. पण आबांच्या चरित्रातला एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. ते १९७९ पासून १९९० पर्यंत, आमदार होईपर्यंत, जिल्हा परिषदेचे सदस्य होते. म्हणजे पाच वर्षांसाठी निवडलेला माणूस अकरा वर्षं सदस्य राहिला. त्यात त्यांचा दोष नाही. मधे निवडणूकच झाली नाही!

१९७९ नंतर महाराष्ट्रात जिल्हा परिषदांची निवडणूक झाली ती १९९२ साली. तेरा वर्षांनी. सरकारं आली, गेली. पंचायत राज्य कसं सुधारावं यावर समित्या बसल्या, १९८६ साली प्राचार्य पी. बी. पाटील समितीचा अहवाल आला. पण मतपेटी काही आली नाही. इंग्लंडातही १९३९ ते १९४५ स्थानिक निवडणुका थांबल्या होत्या. तिथे आकाशातून बॉम्ब पडत होते. आपल्याकडे कोणतं युद्ध चालू होतं?

या तेरा वर्षांत माझी शाळा संपली, कॉलेज झालं, बी. ए. झालो, चार कविता छापून आल्या. मतदाराचं वय १९८९ साली अठरावर आलं. त्या वर्षी आणि १९९१ ला मी दिल्लीसाठी मत दिलं, १९९० ला मुंबईसाठी दिलं. पण ज्या पाटीवर वाचायला शिकलो, त्या पाटीसाठी मत द्यायला मला बावीस वर्षांचं व्हावं लागलं. वडील तेव्हा म्हणाले होते, ‘‘मत मागायला यायचं नसलं, की माणूस वाटेतसुद्धा भेटत नाही.’’

१९९२ च्या निवडणुकीत मात्र एक नवल घडलं. महाराष्ट्राने घटनादुरुस्तीची वाट न पाहता बायकांसाठी तीस टक्के जागा राखल्या होत्या. त्याआधी सभागृहात बाई दिसली, तर ती बहुतेक स्वीकृत सदस्य म्हणून. आता ती निवडून येऊ लागली. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, हे प्रमाण एकतृतीयांश झालं, आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. सुरुवातीला ‘नवऱ्याची सही, बायकोचं नाव’ अशी टिंगल होत असे. माझी अम्मी त्यावर म्हणायची, ‘‘नाव तर लागलं. उद्या सहीपण तीच करील.’’

त्याच घटनादुरुस्तीने आणखी एक काम केलं. पंचायतीची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याच्या आत पुढची निवडणूक झालीच पाहिजे, असं घटनेतच लिहिलं. त्यासाठी राज्य निवडणूक आयोग आला. मग १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७ अशा पाच निवडणुका वेळच्या वेळी झाल्या. पुणे जिल्ह्यात आधी काँग्रेसचा आणि १९९९ नंतर राष्ट्रवादीचा जोर. २०१७ ला ७५ पैकी ४४ जागा राष्ट्रवादीच्या होत्या. कोण जिंकलं याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की हरलेल्याला पुढची तारीख ठाऊक होती. पाच वर्षांनी पुन्हा येतो, असं म्हणून तो घरी जाऊ शकत होता.

या काळात आमचा तालुका मात्र पार बदलला. हिंजवडी-माणला आयटीच्या इमारती उठल्या. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावं २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. जिल्हा परिषदेचे गट लोकसंख्येवर पडतात. सपाटीवर माणूस वाढला, की डोंगरातल्या गावांचा गट पसरत जातो आणि सदस्य लांब राहतो. आमच्या पलीकडच्या डोंगरात लवासा उभं राहिलं. त्याला २००८ साली विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला आणि २०१७ साली काढून घेतला गेला. म्हणजे मधली नऊ वर्षं त्या डोंगरावर काय बांधायचं, हे कोणाच्याही मतावर अवलंबून नव्हतं. लवासा चांगलं की वाईट, हा आजचा विषय नाही. ज्यांच्या डोंगरावर ते झालं, त्यांनी विचारायचं कोणाला आणि पाडायचं कोणाला, एवढंच मी विचारतो.

आणि मग २०२२ आलं. मार्चमध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक आले. कारण होतं इतर मागासवर्गीयांच्या जागांचं. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ च्या निकालात त्यासाठी तीन कसोट्या घातल्या होत्या. प्रश्न लहान नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना सभागृहाबाहेर ठेवलं, त्यांच्या खुर्चीचा होता. आयोग नेमला, अहवाल आला, प्रभागांची रचना बदलली, पुन्हा बदलली, तारखांवर तारखा पडल्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला आणि अडलेली गाडी हलली. पण २०२५ संपेपर्यंत कारभार प्रशासकाच्याच हाती होता. प्रशासक हुशार असेल, प्रामाणिकही असेल. पण तो मुठ्यात मत मागायला येत नाही, म्हणून मुठ्याला त्याला नाही म्हणता येत नाही.

माझी धाकटी मुलगी २००० सालची. २०१७ च्या निवडणुकीत ती सतरा वर्षांची होती, थोडक्यात हुकली. त्यानंतर २०१९ आणि २०२४ मिळून तिने लोकसभेला दोनदा, विधानसभेला दोनदा मत दिलं. पण तीही शिकली त्याच शाळेत, आणि त्या शाळेच्या मतासाठी तिला पंचविशी गाठूनही थांबावं लागलं. एकदा तिने विचारलं, ‘‘अब्बा, तुम्ही किती वर्षं थांबला होतात?’’ मी म्हटलं, ‘‘निवडणूक तेरा वर्षांनी आली. मी अठराचा झाल्यावर चार वर्षं.’’ ती म्हणाली, ‘‘मग मी तुमच्या पुढे गेले.’’

हसण्यावारी नेलं, पण ते वाक्य काही मनातून जात नाही. आजोबांना मत नव्हतं, कारण जमीन नव्हती. तो अन्याय आपण कायद्याने मोडला. मला आणि माझ्या मुलीला मत होतं, फक्त ते द्यायचा दिवस नव्हता. हा अन्याय दिसत नाही, म्हणून त्याविरुद्ध कोणी सत्याग्रह करत नाही.

जिल्हा परिषदेची निवडणूक आली की आपण रस्ता, पाणी, शाळेची खोली मागतो. मागायलाच हवी. त्याबरोबर आणखी एक गोष्ट मागा. उमेदवार दारात आला, की त्याला विचारा, ‘‘पुढची निवडणूक कधी?’’ तो ‘‘पाच वर्षांनी’’ म्हणाला, तर म्हणा, ‘‘मग तेव्हाही ये. आम्ही मोजत बसलोय.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)