ओपन हार्ट ऑपरेशननंतर मूल सावरतं कसं? प्रत्येक नळीमागचा इतिहास

अंगणवाडीतल्या तपासणीत मुलाच्या हृदयात छिद्र असल्याचा संशय येतो, नाशिक, पुणे किंवा मुंबईला ऑपरेशन होतं आणि सर्जन बाहेर येऊन सांगतात, "ऑपरेशन व्यवस्थित झालं." आपल्या अकोले तालुक्यातल्या आई-वडिलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग मूल अजून झोपलेलं का? एवढ्या नळ्या, वायरी कशाला?" याचं उत्तर समजून घ्यायला सत्तर वर्षं मागे जाऊ या.

मे 1953 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात डॉ. जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन वापरून एका 18 वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र यशस्वीपणे बंद केलं. पुढच्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी वेगळी वाट शोधली. मशीनऐवजी त्यांनी आई किंवा वडिलांचं शरीर वापरलं! मुलाचं रक्त नळीतून वडिलांकडे जायचं आणि शुद्ध होऊन परत यायचं. पहिलं मूल जेमतेम वर्षाचं होतं. ऑपरेशन पार पडलं, पण काही दिवसांनी न्यूमोनियाने ते गेलं. या पद्धतीने एकूण 45 ऑपरेशनं झाली आणि त्यातली 28 मुलं बरी होऊन घरी गेली. छिद्र बुजवणं ही अर्धी लढाई आहे, उरलेली अर्धी खाटेवर लढावी लागते, हे डॉक्टरांना तेव्हाच कळलं.

आता मुलाच्या खाटेकडे पाहा. तोंडातली नळी व्हेंटिलेटरची असते. 1952 मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने पिशवी दाबून श्वास दिला. डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांच्या या प्रयोगातून पुढे अतिदक्षता विभाग, म्हणजे आयसीयू, जन्माला आला. तुमच्या मुलाला काही तास किंवा एक-दोन दिवस झोपवून ठेवतात ते हृदयाला विश्रांती मिळावी म्हणून.

पोटाच्या वरच्या भागातून कधी बारीक तारा बाहेर आलेल्या दिसतात. त्यांचीही गोष्ट आहे. छिद्र बुजवताना हृदयातल्या विजेच्या वाटेला धक्का लागून ठोके मंदावू शकतात. लिलेहाय अशा मुलांच्या हृदयाला तार जोडून पेसमेकरने ठोके देत. पण ते यंत्र भिंतीतल्या विजेवर चालायचं. ऑक्टोबर 1957 च्या अखेरीस मिनियापोलिस शहराची वीज गेली आणि हा धोका उघडा पडला. लिलेहाय यांच्या विनंतीवरून अर्ल बॅकन या इंजिनिअरने काही आठवड्यांत बॅटरीवर चालणारा, गळ्यात अडकवता येईल असा छोटा पेसमेकर बनवला. आजही या तारा काळजी म्हणून ठेवतात आणि गरज संपली की वॉर्डातच काढतात. छातीतल्या जाड नळ्या साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. त्याही बहुतेकदा काही दिवसांत निघतात.

भारतात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई आणि वेल्लोर इथे ओपन हार्ट ऑपरेशनं सुरू झाली. पण गावातलं मूल तिथवर पोचायला फार काळ लागला. 2012 मध्ये राज्यात जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं तपासणी पथक याच कार्यक्रमाचं.

साध्या छिद्राचं ऑपरेशन असेल तर मूल साधारण आठ-दहा दिवसांत घरी येतं. खरी काळजी इथून पुढे घ्यायची असते.

छातीचं मधलं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर मुलाला काखेत धरून उचलू नका. एक हात पाठीखाली, एक बुडाखाली घाला. औषधं स्वतःहून बंद करू नका. दात स्वच्छ ठेवा, कारण किडक्या दातांतले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोचतात. दाताचं काही काम करायचं असेल तर ऑपरेशन झाल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. ताप, जखमेतून पाणी, धाप, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, दूध-जेवण नाकारणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि फेरतपासणी चुकवू नका. मूल अंगणात पळायला लागलं की, "आता बरं आहे, कशाला जायचं?" असं वाटतं. भंडारदरा, घाटघर, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला पावसाळ्यात बाहेर पडणं अवघड असतं. म्हणून तारीख पावसात येत असेल तर रुग्णालयाशी आधीच बोलून ती ठरवून घ्या. डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा आणि त्याची एक झेरॉक्स आशाताईंकडे द्या.